जोडीतले एक शमादान

पुरवणी जबाब
दिनांक २२/०५/२०२५, सकाळी ११.४० वाजता, अमरावती शहर

मी श्रीमती ललिता देवराव तायडे, वय ६७ वर्षे, धर्म बौद्ध, शिक्षण एम.ए., बी.एड., व्यवसाय सेवानिवृत्त शिक्षिका (इंग्रजी), राहणार ‘सुजाता’, राजापेठ, अमरावती.

समक्ष हजर होऊन सांगते की, मला आज कोणी बोलावलेले नाही. मी एकटी, ऑटोने आले आहे.

दिनांक १३/०५/२०२५ रोजी माझ्या नावाने व सहीने या ठाण्यात फिर्याद दाखल झाली आहे. माझ्या घरातील संगमरवरी बैठकीचे, सोन्याचा मुलामा असलेले एक जुने फ्रेंच शमादान चोरीस गेले असून घरकाम करणाऱ्या बेबीताई नत्थुजी मेहरे, वय ५२, यांच्यावर संशय आहे, असे तिच्यात लिहिले आहे. ती फिर्याद खरी नाही. शमादान चोरीस गेलेले नव्हते. ते मी माझ्या हाताने बेबीताईंना दिले होते.

बेबीताई हा जबाब चालू असताना समोरच्या बाकावर बसलेल्या आहेत. काल सायंकाळी मला फोनवर सांगण्यात आले की आज त्यांना अटक दाखवायची आहे. म्हणून मी आले.

महिला हवालदार वर्षाली ढोके यांनी मला सांगितले की, असा जबाब दिल्यास खोटी फिर्याद दिल्याबद्दल माझ्यावर कारवाई होऊ शकते. त्या म्हणाल्या, “मॅडम, घरी जाऊन पोराशी एकदा बोलून घ्या ना.” मी म्हणाले की नको, लिहून घ्या.

वस्तूबाबत सांगते की, अशी दोन शमादाने आहेत. प्रत्येकाची उंची वीतभरापेक्षा थोडी जास्त. खाली पांढऱ्या संगमरवराची गोल बैठक, वर ब्राँझचा खांब, त्याला द्राक्षाच्या वेलीची पाने कोरलेली व ब्राँझवर सगळीकडे सोन्याचा पातळ मुलामा. वर मेणबत्ती बसवायची वाटी. माझे वडील त्यांना शमादान म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणते. शाळेत मी कँडलस्टिक हा शब्द शिकले. बेबीताई त्यांना समया म्हणतात. फिर्यादीतला ‘अँटिक पीस’ हा शब्द माझा मुलगा स्वप्निल याचा आहे. किमतीचा आकडाही त्यानेच सांगितला. मला किंमत माहीत नाही.

मालकीबाबत विचारल्यावरून सांगते की, माझे वडील कालकथित भगवंत शिरसाट हे अकोला येथे एका परदेशी कापूस कंपनीच्या मॅनेजरच्या बंगल्यावर बेअरर होते. साहेब व मॅडम फ्रेंच होते. रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर ही दोन शमादाने पेटवणे व सकाळी पुसून ठेवणे हे वडिलांचे काम होते. सन १९६६ मध्ये कंपनीने अकोल्यातले काम बंद केले. साहेबांनी जाताना ही जोडी वडिलांना दिली. सोबत हाताने लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी दिली, की भगवंतने अकरा वर्षे ही पेटवली, म्हणून ही त्याची आहेत. कोणी चोरीचा आळ घेऊ नये यासाठी वडिलांनीच ती चिठ्ठी मागून घेतली होती. ती माझ्याकडे आहे. प्रत जोडली आहे.

मी तेव्हा आठ वर्षांची होते. वडिलांनी सायकलच्या हँडलला दोन्हीकडे एकेक पिशवी टांगून शमादाने घरी आणली, तोल राहावा म्हणून. आई म्हणाली, “घरात लाइट नाई अन् हे सोन्याचे खांब कायले आणले बाप्पा?” वडील म्हणाले, “लाइट नाई म्हणूनच त आणले.” त्या फ्रेंच मॅडमच्या शब्दावर मला अकोल्याच्या कॉन्व्हेंटमध्ये प्रवेश मिळाला होता. मी दोन वर्षे याच शमादानांच्या उजेडात स्पेलिंग पाठ केले. पुढे घरी वीज आली. तेव्हापासून ती फक्त बुद्धपौर्णिमा, चौदा ऑक्टोबर व सहा डिसेंबर या दिवशी वंदनेला पेटवली जातात. बाकी दिवस ती बैठकीच्या खोलीत बुद्धमूर्तीच्या दोन बाजूंना उभी असतात. येणारे-जाणारे त्यांना शोभेची वस्तू समजतात. माझी त्याला हरकत नसते.

हवालदार मॅडम म्हणाल्या की जबाबात इतके लागत नाही. मी राहू द्या म्हणाले. पुढच्या गोष्टीशी त्याचा संबंध आहे.

वडील शमादाने स्वतः साफ करत. कोमट पाणी व जुन्या धोतराचा मऊ कपडा, एवढेच. ते मला म्हणत, “याले पितळ समजू नोको, बाई. याले चिंच लावली का सोनं रुसून जाते, मंग येत नाई.” वडील १९९१ साली गेले. त्यानंतर मी तसेच पुसत आले. दोन वर्षांपासून माझ्या बोटांचे सांधे दुखतात, त्यामुळे पानांच्या खाचांत काळे साचत गेले.

बेबीताई माझ्याकडे चौदा वर्षांपासून काम करतात. सकाळी साडेसातला येतात. घराची एक चावी त्यांच्याकडे असते. माझे यजमान २०१६ साली गेले त्या आठवड्यात त्या माझ्याकडेच झोपत होत्या. घरातून कधी चमचाही गेलेला नाही. त्यांच्या सासरचा फुलांचा मळा आहे. दरवर्षी बुद्धपौर्णिमेला त्या वंदनेसाठी मोगरा आणतात व पैसे घेत नाहीत. शमादानांवरून त्या चेष्टा करतात. एकदा म्हणाल्या होत्या, “तुमच्या समया म्हंजे आमच्या घरच्या माणसावानी. तेल नाई, वात नाई, नुसत्या उभ्या.”

मार्च महिन्यात स्वप्निल व सून प्रतीक्षा यांनी पुण्यात नवीन फ्लॅट घेतला. तिथली सजावट करणाऱ्या बाईंनी शमादानांचा फोटो पाहून ती दोनशे वर्षे जुनी असावीत व दारासमोरच्या टेबलावर ठेवावीत असे सुचवले. मेणबत्ती लावायची नाही, नुसती ठेवायची. मी हो म्हणाले. बुद्धपौर्णिमेची वंदना होऊ द्या, मग न्या, असे ठरले. स्वप्निलने मला तीन वेळा फोनवर बजावले की, “आई, त्यांना साफ करू नकोस. तो जुनेपणाच महाग असतो. तू हातच लावू नकोस.”

स्वप्निलचे असेही म्हणणे आहे की मी एकटी राहू नये. गेल्या वर्षी माझ्याकडून दोनदा गॅस चालू राहिला. त्यानंतर घर विकून मी पुण्याला यावे, असा विषय दर फोनला निघतो. पुढे मी जे केले त्याचे हे कारण म्हणून सांगते, सबब म्हणून नाही.

दिनांक ०७/०५/२०२५ रोजी, बुधवारी, सकाळी सुमारे नऊ वाजता मी बेबीताईंना म्हणाले की शमादानांची ही या घरातली शेवटची पौर्णिमा आहे, ती माझ्या लहानपणी दिसत तशी चमकायला हवीत. त्या म्हणाल्या, “मग द्या ना, मी घासून देतो. इथं तुमच्या बेसिनात नाई होत. घरी नेतो, बादलीत टाकतो, उद्या पाहा कशी लखलख करते.” दोन्ही एकदम जड होतील म्हणून मी एकच दिले. माझ्या जुन्या टर्किश टॉवेलात गुंडाळून त्यांच्या पिशवीत मी स्वतः ठेवले. कशाने घासू, असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, तुमच्या नेहमीच्या पद्धतीने. बेबीताईंच्या घरी देवाची भांडी चिंचेने घासतात. वडिलांनी सांगितलेले मी त्यांना सांगितले नाही. ते माझ्या लक्षात आले नाही.

दिनांक ०८ व ०९ मे रोजी बेबीताई कामावर आल्या. विचारले असता म्हणाल्या, “होऊन राहिलं मॅडम, अजून थोडं हाय.” त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. पोळ्या नेहमीपेक्षा जास्त केल्या. दिनांक १० मे पासून त्या आल्या नाहीत. फोन लागला नाही.

दिनांक ११/०५/२०२५, रविवार, दुपारी एक वाजता स्वप्निल व प्रतीक्षा पुण्याहून गाडीने आले. बुटांची नाडी सोडता सोडताच स्वप्निल म्हणाला, “आई, एकच कसं? दुसरं कुठे आहे?” मी म्हणाले, “माहीत नाही.”

हे खोटे होते. बेबीताई एखाद्या दिवसात आणून देतील व मी गुपचूप जागेवर ठेवीन, असे मला वाटले. स्वप्निल म्हणाला, “माहीत नाही म्हणजे? आई, तुला काही लक्षात राहतं की नाही आता?” प्रतीक्षा म्हणाली, “अहो, असं नका बोलू त्यांना. बाई का येत नाहीये दोन दिवस, ते आधी विचारा.” त्यानंतर घरात जे बोलणे झाले ते बेबीताईंबद्दल झाले. माझ्या विसरण्याबद्दल पुन्हा कोणी बोलले नाही. मी चहा केला.

दिनांक १२/०५/२०२५ रोजी बुद्धपौर्णिमा होती. सकाळी सहा वाजता मी दार उघडले तेव्हा बाहेरच्या कडीला पानात बांधलेली मोगऱ्याची पुडी अडकवलेली होती. दोरा नेहमीसारखा केळीच्या सोपटाचा होता. कोणी ठेवली हे मला कळले. पळून गेलेली बाई फुले आणून ठेवत नाही, हेही मला कळले. मी ती फुले मूर्तीपुढे ठेवली. प्रतीक्षाने विचारले, कुठून आली. मी म्हणाले, सकाळी विकत घेतली. त्या दिवशी एकाच शमादानात मेणबत्ती लावली. दुसऱ्या बाजूला स्टीलची वाटी उपडी घालून तिच्यावर लावली.

दिनांक १३ रोजी स्वप्निलने फिर्याद लॅपटॉपवर लिहून, छापून आणली. मला ठाण्यात आणले. ठाण्यातल्या साहेबांनी विचारले, वाचली का. मी चष्मा घरी विसरले होते. स्वप्निल म्हणाला, “मी वाचून दाखवलीय त्यांना.” त्याने वाचून दाखवलेली नव्हती. तरीही मी सही केली. मी छत्तीस वर्षे मुलांना न वाचता सही करू नका असे शिकवले आहे.

दिनांक १६/०५/२०२५ रोजी सायंकाळी साडेपाच वाजता ठाण्यातून फोन आला. बेबीताई म्हणतात की मॅडमनीच दिली, हे खरे आहे का, असे विचारण्यात आले. फोन स्पीकरवर होता. स्वप्निल म्हणाला, “छे हो, आई असं कशाला देईल? मी तर हात लावायलाही मनाई केली होती.” साहेब म्हणाले, “तायडे मॅडम, तुम्ही सांगा.” मी सुमारे अर्धा मिनिट बोलले नाही. त्यांनी तेच उत्तर समजले. फोन बंद झाला. माझ्या न बोलण्याचा अर्थ ‘नाही’ असा घेण्यात आला व तो मी दुरुस्त केला नाही, हे येथे स्पष्ट नोंदवावे.

त्यानंतर बेबीताईंना रोज ठाण्यात बोलावण्यात आले. आमच्या गल्लीत त्या आणखी चार घरी काम करत होत्या. शेजारच्या माणिकबाई गावंडे यांनी मला दारात थांबवून सांगितले, “काढली मी तिले. चौदा वर्साची बाई तुमच्या घरी असं करते, मंग माह्या घराचा काय भरोसा?” चारही घरांनी काढले, असे मला कळले. मळ्यावरही दीर-जावेने बोलणे बंद केले, असे माणिकबाई म्हणाल्या. मी त्यांना “बरं” एवढे म्हणाले.

दिनांक २०/०५/२०२५ रोजी पोलिसांना बेबीताईंच्या घरी, ज्वारीच्या टिनाच्या कोठीत, शमादान मिळाले. ते माझ्याच टॉवेलात गुंडाळलेले होते. टॉवेलाच्या कोपऱ्यावर माझ्या हाताने निळ्या दोऱ्याने काढलेले ‘एल’ हे अक्षर आहे. ते पंचनाम्यात आलेले नाही. ते घ्यावे.

दिनांक २१ रोजी दुपारी तीन वाजता मला ओळख पटवण्यासाठी येथे बोलावण्यात आले. स्वप्निल सोबत होता. शमादान टेबलावर ठेवले होते. खांबावरचे सोने पानांच्या उंचवट्यांवरून पूर्ण गेले आहे. आतला तांबूस रंग दिसतो. खाचांत मात्र थोडे पिवळे उरले आहे. संगमरवराची चकाकी गेली असून हाताला मिठासारखा खरखरीत लागतो व त्यावर चिंचेच्या कोळाचा तपकिरी डाग आहे. तारेच्या घासणीचे ओरखडे आहेत. ते चोराचे काम नाही. चोर वस्तूला इतकी मेहनत करत नाही. बैठकीच्या तळाशी वडिलांनी खिळ्याने केलेली छोटी फुली आहे. त्यावरून मी ते ओळखले.

बेबीताई या बाकावरच बसल्या होत्या. साहेबांसमोर त्या मला म्हणाल्या, “मॅडम, रात्रभर चिंचेत ठेवलं. सकाळी पाहतो त पाणी पिवळं अन् समई लाल. मग म्या लय घासलं, का खालून अजून सोनं निघन. जेवढं घासून राहिलो तेवढं जाऊन राहिलं. तुमाले कोणत्या तोंडानं आणून देऊ?” नंतर म्हणाल्या, “तुमीच सांगा याईले, तुमी देल्ती का म्या नेली.”

स्वप्निल म्हणाला, “बघा, कबूल करतेय.” मी ओळख पटल्याच्या कागदावर सही केली व बाहेर गेले. जाताना बेबीताईंनी मला विचारले की बीपीची गोळी घेतली का. मी घेतली म्हणाले. घेतली नव्हती.

आज सकाळी सहा वाजता स्वप्निल व प्रतीक्षा पुण्याला गेले. सोबत चांगले असलेले शमादान नेले. मी दिले. एकटे शोभत नाही असे प्रतीक्षा म्हणाली, पण नेले. ते निघाल्यावर मी आंघोळ केली, शाळेत जाताना नेसत असे त्यापैकी एक साडी नेसले व इकडे आले. इथे येण्याबाबत मी स्वप्निलला सांगितलेले नाही. संध्याकाळी फोन करून सांगेन. तो पुण्याला चल म्हणेल. त्याबद्दल मी अद्याप काही ठरवलेले नाही.

माझी बेबीताईंविरुद्ध कोणतीही तक्रार नाही व नव्हती. १३ तारखेच्या फिर्यादीतील चोरीचा मजकूर खोटा असून त्याची जबाबदारी माझी आहे, माझ्या मुलाची नाही. त्याला मी खरे सांगितले असते तर त्याने ती लिहिली नसती. मला या जबाबाची एक प्रत मिळावी. ती मी माणिकबाईंना व इतर तीन घरांत स्वतः जाऊन वाचून दाखवणार आहे. खराब झालेले शमादान मला परत मिळाल्यास ते घरी मूर्तीजवळ तसेच ठेवले जाईल.

जबाब येथे संपला. हवालदार वर्षाली ढोके यांनी तो मोठ्याने वाचला. मी चष्मा लावून कागदावर ओळीने पाहत होते. बाकावरून बेबीताईंना सर्व ऐकू जात होते. वाचून झाल्यावर हवालदार मॅडमनी मला विचारले, बरोबर आहे का. मी हो म्हणाले.

तेव्हा बेबीताई बाकावरून म्हणाल्या, “एक राहिलं मॅडम. चिंच माह्या घरची नोती. माह्या घरची त कवाची सरली होती. तुमच्या बरणीतली होती.”

हवालदार मॅडम म्हणाल्या, “अहो बाई, त्यानं काय फरक पडते आता? तुम्ही सुटून राहिल्या ना?”

बेबीताई म्हणाल्या, “फरक नाई पडत. पण खरं लिवून राहिले त सारंच लिवा.”

सदर दुरुस्ती मी मान्य करते. चिंच माझी होती. दिनांक ०७ रोजी मी स्वयंपाकघरातल्या फळीवरून बरणी काढली, चिंचेतले चिंचोके वेगळे केले व चिंच कागदात बांधून शमादानासोबत त्यांच्या पिशवीत ठेवली. चिंचोके काढताना वडिलांचे शब्द मला आठवत होते. एकदा लावल्याने काय होते, असे मी मनात म्हणाले. वर ‘ते माझ्या लक्षात आले नाही’ असे आले आहे, ते वाक्य खोडावे. खोडलेल्या जागी मी सही करते.

खाडाखोडीसह जबाब दुसऱ्यांदा वाचण्यात आला. या वेळी तो मी स्वतः, मोठ्याने, बेबीताईंकडे तोंड करून वाचला. त्यांनी मान हलवली. आता तो बरोबर आहे.

सही/- ललिता देवराव तायडे

समक्ष: सही/- वर्षाली ढोके, महिला पोलीस हवालदार
दुपारी १.१५ वाजता